सातासमुद्रापलीकडचे सायकलचे दुकान

इसवी सन १८८८. आयर्लंडच्या उत्तर भागातील बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाच्या एका पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीला रस्त्यावरचे हादरे कमी बसावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्याच वर्षी इकडे बेळगावात रामूअण्णा आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर या दोघा बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावी धाडीत आणि रामूअण्णा तेथे त्या विकीत. पुढचा लोखंडी नांगर आणि त्याही पुढची किर्लोस्करवाडी महाराष्ट्राला पाठ आहे. त्या साऱ्याचा आरंभ परदेशी सायकली विकण्यापासून झाला, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

त्या दुकानात सायकल विकली म्हणजे काम संपत नसे. ज्याने ती घेतली त्याला ती चालवता कोठे येत होती? तेव्हा विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला बसायला शिकवायचे, आणि तो पडला की सायकलीचे जे काही वाकले असेल ते सरळ करून द्यायचे. विलायतेत तयार झालेली सायकल आगबोटीने मुंबईच्या बंदरी उतरे, तेथून बेळगावी जाई. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातून ती जाई, तो आपला नफा तिच्यावर चढवी. परंतु शेवटच्या हाताने चढवलेले जे असे ते निव्वळ नफा नव्हते. त्यात शिकवणी होती, डागडुजी होती, आणि उद्या काही मोडले तर कोणाच्या दारी जायचे, या प्रश्नाचे उत्तर होते.

आज परदेशातून सायकलीचे सामान मागवण्याचा विचार करताना या दुकानाची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे. परदेशातून सायकल आणणे ही मुळीच नवी गोष्ट नाही. नवे एवढेच, की मधला माणूस नाहीसा झाला. मुंबईच्या गोदीतला अडत्या गेला, पुण्यातला मोठा व्यापारी गेला, कोपऱ्यावरचा दुकानदारही गेला. उरले ते एका बाजूला संगणकाच्या पडद्यासमोर बसलेले गिऱ्हाईक आणि दुसऱ्या बाजूला कोण्या दूरच्या गावातले प्रचंड गोदाम.

मधल्या काळात या देशाने सायकलीच्या बाबतीत परदेशाकडे पाहणे जवळजवळ सोडून दिले होते. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलास, त्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, १९५६ साली लुधियानाला हीरो असे कारखाने एकापाठोपाठ एक उभे राहिले. आयातीवर निर्बंध आले. काळ्या रंगाची, उंच, मडगार्ड-कॅरियरची सायकल सर्वत्र एकसारखीच झाली, आणि तिचे सुटे भाग गावोगावी मिळू लागले. पुण्याला तर सायकलींचे शहर असे नावच पडले. गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणारा, चाकाचा आऊट काढणारा, छर्रे बदलणारा एक तरी मनुष्य असेच. त्या सायकलीसाठी परदेशी पत्र लिहावे असे कोणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते.

हे चित्र पालटले ते सायकल चालवणाऱ्याची जात बदलली म्हणून. जो कामावर जाण्यासाठी सायकल वापरी, तो मोटारसायकलीवर बसला. आणि जो मोटारीत बसे, त्यांतले काही हौसेने सायकलीवर आले. विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर, विशेषतः २०१० च्या आगेमागे, मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, तसेच बंगळूर आणि दिल्ली या शहरांत लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांची मंडळे निघाली. फ्रान्समधील एका जुन्या क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या ‘ब्रेव्हे’ नामक सफरी येथे रुजल्या. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत, असा तो हिशेब. हे सारे टप्पे ज्याने पार केले, त्याला पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरांची, बहुतेकांसाठी नव्वद तासांची, चार वर्षांतून एकदा येणारी वारी खुणावू लागते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली आणि या हौसेला मराठी मुलुखात एकदम प्रतिष्ठा आली.

परंतु रात्री दोन वाजता कसारा घाट उतरणाऱ्या मनुष्याला जो दिवा लागतो, तो गल्लीच्या दुकानात मिळत नव्हता. चाकाच्या हबमध्येच वीज निर्माण करणारा जर्मन डायनॅमो, काचेच्या तुकड्याने सहजी न फाटणारा बारीक टायर, पायडलला अडकणारे बूट, तासन् तास बसून कातडे सोलू नये म्हणून आत गादी शिवलेली चड्डी, युरोपीय प्रमाणानुसार तपासलेले शिरस्त्राण, यांतले पुष्कळसे शहरातल्या मोठ्या दुकानांतही नसे. विचारले तर उत्तर येई, ‘मागवून देतो.’ हे मागवून देणे कधी सहा आठवड्यांचे असे, कधी सहा महिन्यांचे. आयात करणारी पेढी एखादीच. तिने वर्षातून ज्या दोन-चार वेळा माल उतरवला त्यात आपला बूट निघाला तर निघाला. उलट आयर्लंडमधील दुकानात तो बूट सर्व मापांत, तीन रंगांत, आणि येथल्यापेक्षा कमी किमतीत पडद्यावर दिसत होता. मग कोणी कोठे जावे?

हे आयर्लंडमधील दुकान म्हणजे काल्पनिक नव्हे. बेलफास्टच्या उत्तरेस काही मैलांवर बॅलिन्यूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे एका जोडप्याने सायकलींचे छोटे दुकान काढले. दुरुस्ती करावी, आसपासच्या मुलांना सायकली विकाव्यात, एवढाच त्याचा पसारा. पुढे ते शेजारच्या बॅलिक्लेअर गावी गेले, टपालाने माल पाठवू लागले, आणि शतक पालटताना इंटरनेटवर आले. नाव झाले ‘चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स’. दहा-बारा वर्षांत ते स्वतःस जगातील सर्वांत मोठे ऑनलाइन सायकल-दुकान म्हणवू लागले, आणि त्या म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्‌समथ येथेही एका स्थानिक सायकल-दुकानाच्या पोटातून १९९९ साली ‘विगल’ ही अशीच पेढी निघाली. डनलॉपच्या शहराच्या उंबरठ्यावरून पुन्हा एकदा सायकलीचे टायर जगभर जाऊ लागले. मात्र आता ते बनत होते तैवान, जपान, इंडोनेशिया अशा पूर्वेकडच्या देशांत. पूर्वेकडून निघालेला टायर आयर्लंडला जाई, आणि तेथून परत पूर्वेला मुंबईस येई. इतका वळसा घालूनही तो स्वस्त कसा पडतो, हे कोडे उलगडल्याखेरीज या व्यवहाराचे मर्म कळणार नाही.

त्याचे पहिले कारण करात आहे. ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर जानेवारी २०११ पासून शेकडा वीस आहे, आणि तो दुकानातल्या छापील किमतीतच धरलेला असतो. माल देशाबाहेर गेला की हा कर लागत नाही. म्हणजे लंडनमधील मनुष्याला जी वस्तू एकशेवीस पौंडांस पडते, ती परदेशातल्या गिऱ्हाइकाला शंभरास. काही न करता सहावा हिस्सा सुटला. दुसरे कारण खरेदीच्या प्रमाणात. हजारो चेन एकदम उचलणाऱ्याला जो भाव मिळतो तो दहा चेन घेणाऱ्याला कधीच मिळत नाही. शिवाय सायकल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी तयार झालेले सुटे भाग, साध्या पुठ्ठ्यात, रंगीत खोक्याविना बाजारात येत आणि ते आणखी खालच्या दराने विकले जात. तिसरे कारण हुंडणावळीचे, म्हणजे चलनाच्या विनिमयाचे. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे मधल्या पायऱ्यांचे. निर्माता, देशाचा एकमेव वितरक, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकान, अशी उतरंड जेथे शाबूत असते तेथे प्रत्येक मडक्याला आपला वाटा हवाच असतो.

या चारही कारणांचा मिलाफ जेथे झाला तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. तेथील कथा अशा खरेदीची पाठ्यपुस्तकातली कथा म्हणता येईल. २०१० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीस आला आणि २०११ च्या मध्यास त्याहून वर चढला. पौंडाच्या तुलनेतही तो असाच वधारला होता. त्यातच एक हजार डॉलरपर्यंतच्या पार्सलावर तेथे जकातही नव्हती आणि वस्तू व सेवा करही नव्हता. मेलबर्नमधील दुकानदाराला मात्र प्रत्येक वस्तूवर शेकडा दहा कर घ्यावाच लागे. परिणाम असा झाला, की बॅलिक्लेअरहून घरपोच येणाऱ्या गिअरच्या संचाची किंमत मेलबर्नच्या दुकानदाराला वितरकाकडून मिळणाऱ्या घाऊक भावाहूनही कमी आहे, अशी तक्रार ऐकू येऊ लागली. दुकानदाराने स्वतःच आयर्लंडहून मागवून विकावे, तर ते अधिक फायद्याचे, असा उलटा न्याय!

दुकानदारांनी सरकारकडे धाव घेतली. तेथील उत्पादकता आयोगाने २०११ साली किरकोळ व्यापाराची चौकशी केली आणि एक रोखठोक निष्कर्ष काढला: हजार डॉलरांची सूट हे स्थानिक दुकाने मागे पडण्याचे मुख्य कारण नव्हे. सूट तत्त्वतः कमी करावी, परंतु कर गोळा करण्याचा खर्च कराहून जास्त होणार नाही एवढे पाहून करावी, असा त्याचा सल्ला होता. सरकारी अहवालात व्यापाऱ्यांना अप्रिय वाटणारे सत्य इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिले जाते, म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले. पुढे १ जुलै २०१८ पासून ऑस्ट्रेलियाने वेगळीच युक्ती काढली. पार्सल सरहद्दीवर अडवायचे नाही. परदेशी दुकानदारानेच, त्याची ऑस्ट्रेलियातील विक्री पंचाहत्तर हजार डॉलरांवर असेल तर, कर वसूल करून पाठवायचा. जकातनाक्यावरचा कारकून अशा रीतीने दुकानाच्या गल्ल्यावरच जाऊन बसला.

भारतात असा काळ कधी आलाच नाही. येथे पार्सल मुंबईस बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवनात किंवा विमानतळावरच्या कुरिअरच्या गोदामात येते, आणि तेथे त्याच्यावर जकातीची आकारणी होते. ती समजून न घेता वस्तू मागवणारा मनुष्य चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला या म्हणीचा अनुभव घेतो. हिशेबाची रीत अशी: वस्तूच्या किमतीत टपालहशील आणि विमा मिळवायचा, त्या बेरजेवर मूळ जकात, आणि मग जकातीसह झालेल्या एकूण रकमेवर वस्तू व सेवा कर. म्हणजे करावर कर. समजा, दहा हजार रुपयांचा बूट आहे आणि पाठवणावळ एक हजार. जकात शेकडा वीस धरली तर दोन हजार दोनशे. बेरीज तेरा हजार दोनशे. त्यावर शेकडा अठराने आणखी दोन हजार तीनशे शहात्तर. दहा हजारांचा बूट साडेपंधरा हजारांच्या वर गेला. हे दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ते वेळोवेळी बदलतात आणि वस्तूगणिक निराळे असतात, म्हणून मागवण्यापूर्वी चालू दर पाहणे हे गिऱ्हाइकाचेच काम. टपालहशिलावरही जकात पडते, हे ज्याला ठाऊक नसते त्याचा राग मग दारात उभ्या असलेल्या पोस्टमनवर निघतो. तो बिचारा निमूटपणे पावती पुढे करतो.

आणखी एक मासला सांगण्यासारखा आहे. पार्सलावर ‘भेटवस्तू’ असे लिहवून घेतले की जकात चुकते, असा सल्ला बरीच वर्षे एकमेकांच्या कानात दिला जाई. एकाच महिन्यात एकाच गावातील तिघांना तीन दूरच्या मामांनी सायकलीचे टायर भेट पाठवावेत, हे योगायोगाच्या शास्त्रात बसणारे नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये भारत सरकारने टपाल वा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची वाटच बंद केली. अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. त्यामुळे खरोखरीच्या मामांचीही अडचण झाली. खोटे लिहिणारे थोडे असले तरी त्यांची शिक्षा खरे लिहिणाऱ्यांनाही होते.

चीनमधून येणाऱ्या मालाचे प्रकरण याहून वेगळे. तेथून थेट कारखान्याच्या दारातून दिवे, हँडल, चष्मे यांची लहान पाकिटे अगदी नगण्य पाठवणावळीत येत. त्यांत चांगले पुष्कळ होते आणि बनावटही पुष्कळ होते. चष्मा बनावट निघाला तर डोळे दुखतील. नामांकित कंपनीचे चिन्ह छापलेले बनावट कार्बनचे हँडल उतारावर मोडले तर दुखायला मनुष्य शिल्लक राहील याची खात्री नाही. शिरस्त्राण आणि हँडल या दोन वस्तू अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नयेत, एवढा एक नियम कोणी पाळला तरी पुरे. ज्या ‘अलीएक्स्प्रेस’वरून हा माल येई, त्याच्या वापरावर भारताने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली आणि तो ओघ आटला.

जकातीचा हिशेब कागदावर तरी करता येतो. मापाचा हिशेब मात्र हातात वस्तू आल्यावरच कळतो, आणि येथे मधल्या माणसाची उणीव खरी भासते. एक साधे उदाहरण टायरचे. भारतातील जुन्या काळ्या सायकलीचा टायर अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंदीचा. जर्मनीच्या दुकानातही अठ्ठावीस इंची टायर मिळतो. गिऱ्हाईक आनंदाने मागवते, वीस दिवस वाट पाहते, आणि टायर रिमवर चढतच नाही. कारण जर्मन मनुष्य ज्याला अठ्ठावीस इंच म्हणतो त्या रिमची बैठक ६२२ मिलिमीटर व्यासाची, आणि भारतीय सायकलीच्या रिमची ६३५ मिलिमीटर. तेरा मिलिमीटरांचा फरक. जुन्या मापाने अर्धा इंच. तो टायर कितीही ताणला, त्यात डनलॉप स्वतः येऊन बसले, तरी चढायचा नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत २८-६२२ किंवा ४०-६३५ अशा जोडसंख्या उठवलेल्या असतात. पहिली रुंदी, दुसरी बैठकीचा व्यास. इंचांवर विश्वास न ठेवता ही दुसरी संख्या पाहावी, हे ज्ञान गल्लीतल्या कारागिराला पुस्तकाविना असते. तो म्हणतो, ‘साहेब, हा रेसरचा आहे, तुमच्या रिमला बसणार नाही.’ हे एक वाक्य ऑनलाइन दुकान बोलत नाही.

व्हॉल्व्हचेही तसेच. आपल्या सायकलीला जो व्हॉल्व्ह असतो, ज्यावर रबराची बारीक नळी चढवलेली असते, तो डनलॉपच्या नावाने ओळखला जातो. परदेशातून येणाऱ्या बारीक ट्यूबना फ्रेंच पद्धतीचा, टोकाला लहानसा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो. पेट्रोलपंपावरची नळी त्याला बसत नाही, कोपऱ्यावरचा पंप बसत नाही. म्हणून मग पंपही परदेशातून येतो. पायडलांच्या मधला जो कणा, ज्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, त्याच्या आट्यांची मापे इंग्रजी निराळी आणि इटालियन निराळी. ते खोलायला खास पान्हा लागतो. तोही परदेशातूनच. अशा रीतीने एका स्वस्त सुट्या भागाच्या पाठोपाठ हत्यारांची वरात येते, आणि ज्याने पैसे वाचवण्यासाठी खरेदी केली त्याच्या घरी वर्षभरात लहानसे वर्कशॉप उभे राहते. यात नुकसानच झाले असे मात्र म्हणता येणार नाही. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांनी रविवारी सकाळी हाताला ग्रीस लावून घेतले, आणि त्यांच्याकडून कित्येक कारागीर नव्या गिअरचे काम शिकले. विद्या नेहमी वरून खाली किंवा खालून वर जाते असे नाही. कधी ती आडवीही जाते.

तरी या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग वेगळाच आहे. बूट पायात घालून पाहिल्याशिवाय घेता येत नाहीत. एका कंपनीचा त्रेचाळीस क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या बेचाळीसइतका असतो. म्हणून गिऱ्हाईक शहरातल्या दुकानात जाते. दुकानदार तीन जोड काढून देतो, खुर्ची देतो, पायडलला अडकणाऱ्या पट्ट्या कोठे बसवाव्यात ते समजावून सांगतो. अर्धा तास जातो. गिऱ्हाईक क्रमांक ध्यानात ठेवते, ‘घरी विचारून येतो’ म्हणते, आणि रात्री तोच बूट आयर्लंडहून मागवते. दोन आठवड्यांनी तेच गिऱ्हाईक त्या बुटाला पट्ट्या बसवून घेण्यासाठी पुन्हा त्याच दुकानात येते. दुकानदार खोके ओळखतो. तो काय बोलणार? बोलला तर गिऱ्हाईक जाते, न बोलला तर दुकान जाते. मेलबर्नमध्येही असेच घडले आणि पुण्यातही असेच घडत आले. अर्धा तास जो खर्च झाला, त्याचे मोल कोणाच्याही बिलात दिसत नाही; बॅलिक्लेअरच्या बिलात तर नाहीच नाही.

दुकानदाराची बाजू अशी सबळ असली, तरी ती निर्दोष होती असे नव्हे. कित्येक दुकानांत अनुभवी सायकलपटूला तुच्छतेने वागवले जाई आणि नवख्याला गरजेपेक्षा महाग सायकल गळ्यात मारली जाई. एकमेव वितरक आहोत या जोरावर आयात करणाऱ्या पेढ्यांनी किमती मनास येतील तशा ठेवल्या. परदेशातून आणलेल्या भागाची हमी येथे चालणार नाही, असे त्या बजावत. पण येथून घेतलेल्या भागाची हमी मागायला गेले तरी तो सहा आठवडे कोठे तरी फिरत राही. अशा व्यवस्थेच्या नाशावर अश्रू ढाळणे कठीण आहे. दुःख होते ते एवढ्यासाठी, की कापताना वितरकाचा नफा आणि कारागिराची मजुरी यांत कात्रीने भेद केला नाही.

आणि गंमत अशी, की ज्यांनी ही कात्री चालवली तेही तिच्यातून सुटले नाहीत. किंमत हाच ज्याचा एकमेव गुण, त्याच्यापेक्षा कमी किमतीत विकणारा कोणी ना कोणी निघतोच. २०१६ साली विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन एक झाल्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून डोव्हरच्या पलीकडचे गिऱ्हाईकही परदेशी ठरले. त्याला आता करही लागू लागला आणि कागदपत्रेही. उलट बाजूने, ब्रिटनला लहान पार्सले पाठवणाऱ्या परदेशी दुकानांनी ब्रिटनचा कर स्वतः गोळा करावा असा नियम झाला, तेव्हा नेदरलँड्समधील सायकलीचे सुटे भाग विकणाऱ्या एका छोट्या पेढीने सरळ जाहीर केले की यापुढे आपण जगात सर्वत्र माल पाठवू, फक्त ब्रिटन सोडून. अमेरिकेनेही आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित केली. ज्या सरहद्दी पडद्यावर पुसट झाल्या होत्या त्या कागदावर पुन्हा ठळक झाल्या.

महासाथीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, सायकलींना जगभर विलक्षण मागणी आली. कारखान्यांना आगाऊ ऑर्डरी गेल्या, आणि माल येऊन पोचला तो मागणी ओसरल्यावर. गोदामे भरली, किमती पाडाव्या लागल्या. विगल-चेन रिअ‍ॅक्शन तोवर सिग्ना स्पोर्ट्‌स युनायटेड या जर्मन कंपनीच्या ताब्यात गेली होती. तिच्या मागे असलेल्या ऑस्ट्रियातील इमारत-व्यवसायाच्या समूहाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पंधरा कोटी युरोंचा कबूल केलेला आधार काढून घेतला, आणि त्याच महिन्यात ब्रिटनमधील या दोन्ही नावांचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला. बॅलिन्यूरच्या दुकानाला ना सायकलींनी बुडवले, ना टायरांनी. ते बुडाले व्हिएन्नाच्या आणि बर्लिनच्या इमारतींच्या ओझ्याखाली. २०२४ साली फ्रेझर्स ग्रूप या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने ती नावे विकत घेतली. नावे तीच राहिली. पण ज्यांनी तेथून चाके, हब, बूट घेतले होते, त्यांनी जुन्या हमीचे कागद कोणापुढे धरावेत हा प्रश्न उरलाच.

भारतातील सायकलपटू आता बहुधा जर्मनीतील दुकानांकडे वळतात, किंवा परदेशी जाणाऱ्या नातलगाच्या सामानात जागा शोधतात. शहरांतल्या दुकानांतही पूर्वीपेक्षा माल पुष्कळ दिसतो. त्यांतल्या काहींनी आणखी एक गोष्ट केली आहे. भिंतीवर मजुरीचा फलक लावला आहे: चाकाचा आऊट काढणे इतके, चेन बदलणे इतके, बुटांच्या पट्ट्या बसवणे इतके, शरीराच्या मापाप्रमाणे सायकल जुळवून देणे इतके. वस्तू येथून घेतलेली असो वा बाहेरून आणलेली असो, दर एकच. बेळगावच्या दुकानात जे काम सायकलीच्या किमतीतच मिळून जाई, त्याची अशी निराळी किंमत लिहिली गेली आहे. गिऱ्हाइके फलक वाचतात, आणि मग त्यावरही घासाघीस करतात.